चाचे कोणी ठरवले?
'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधील कंपनी, कायदा आणि आपण

पडद्यावर पोर्ट रॉयलचा किल्ला आहे. पायांत बेड्या घातलेल्या माणसांची रांग फाशीच्या तख्ताकडे सरकते आहे. त्या रांगेत म्हातारे आहेत, बायका आहेत, दोराला गळा पुरू नये इतका लहान एक मुलगाही आहे. बाजूला उभा असलेला कंपनीचा अधिकारी निर्विकार आवाजात फर्मान वाचतो. आणीबाणी जाहीर झाली आहे. सभेचा हक्क स्थगित. हेबियस कॉर्पस स्थगित. वकील मिळण्याचा हक्क स्थगित. ज्युरीपुढे खटला चालण्याचा हक्क स्थगित. चाचेगिरी करणाऱ्याला फाशी, चाच्याला मदत करणाऱ्याला फाशी आणि चाच्याशी नुसता संबंध ठेवणाऱ्यालाही फाशी.

गोर वर्बिन्स्की दिग्दर्शित 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन : अ‍ॅट वर्ल्ड्‌स एण्ड' हा चित्रपट मे २००७ मध्ये प्रदर्शित झाला, त्याची ही सुरुवात. डिस्नेने काढलेला आणि डिस्नेलॅण्डमधल्या १९६७ सालच्या एका खेळावर आधारलेल्या मालिकेतला हा तिसरा भाग. भुते, शापित जहाजे, समुद्रदेवता, जॅक स्पॅरोचे विनोदी चाळे असा सगळा लवाजमा त्यात आहे. अशा पोराटोरांच्या करमणुकीवर साहित्याच्या वार्षिकात पाने कशाला खर्च करायची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की जगभरच्या कोट्यवधी माणसांनी जे पाहिले, ते 'नुसती करमणूक' म्हणून सोडून देता येत नाही. लोकांच्या मनातला इतिहास आज पाठ्यपुस्तकांपेक्षा पडद्यावरच अधिक घडतो. शिवाय या चित्रपटात ईस्ट इंडिया कंपनी आहे, कोकणचा एक आंग्रे आहे आणि फेटा बांधलेला एक मुसलमान दर्यावर्दीही आहे. तेव्हा हा मामला परक्यांचा राहत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. या चित्रपटाने कंपनीचा कायदा अचूक ओळखला. पण तो कायदा प्रत्यक्षात ज्यांच्या मानेवर पडला, त्यांना मात्र ओळखले नाही. त्यांना त्याने शोभेच्या कपड्यांत उभे केले, आणि कंपनीनेच ठेवलेले नाव त्यांच्या गळ्यात तसेच राहू दिले.

आधी श्रेय द्यायचे ते देऊ. कटलर बेकेट हा या कथेतला खलनायक गडगडाटी हसणारा राक्षस नाही. तो ठेंगणा, नीटनेटका, चहा पिणारा व्यापारी आहे. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर जगाचा अवाढव्य नकाशा रंगवण्याचे काम चालू आहे. नकाशातली कोरी जागा भरत जाते तसतशी जगातली मोकळी जागा संपत जाते. तो जे काही करतो ते रागाने करत नाही, हिशेबाने करतो. माणसे मारणे हा त्याच्या लेखी चांगल्या धंद्याचा भाग आहे. डेव्ही जोन्स हा समुद्रात मेलेल्यांचे आत्मे पैलतीरी पोचवणारा नावाडी. त्याचे हृदय असलेली पेटी ताब्यात ठेवून बेकेट त्याला कंपनीचा नोकर बनवतो आणि त्याच्याच हातून त्याचा लाडका जलराक्षस मारायला लावतो. व्यापारी संस्था राजसत्ता कशी होते आणि मग धर्म, पुराण, निसर्ग यांनाही पगारी शिपाई कशी करते, हे या कल्पित कथेने अनेक गंभीर ग्रंथांपेक्षा सोपे करून सांगितले आहे.

फर्मानाचा काळही लक्षात घेतला पाहिजे. ग्वान्टानामोचा तुरुंग जानेवारी २००२ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून तिथल्या परदेशी कैद्यांचा हेबियस कॉर्पसचा हक्क काढून घेतला. त्यानंतर सातच महिन्यांनी हा चित्रपट आला. तो हक्क नाकारणारे कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. म्हणजे जे कोर्टाने पुढच्या वर्षी म्हटले, ते डिस्नेच्या चित्रपटाने पहिल्या काही मिनिटांत दाखवून टाकले होते. ग्वान्टानामोत डांबलेले कैदी मुसलमान होते. पडद्यावरच्या रांगेत मात्र एकही चेहरा तसा ओळखू येत नाही. अमेरिकन प्रेक्षकाला स्वतःच्या सरकारचा अन्याय दाखवायचा, पण ज्यांच्यावर तो झाला त्यांचा चेहरा दाखवायचा नाही, ही तडजोड इथूनच सुरू होते.

त्या फर्मानातले शेवटचे कलम आमच्या मनात रुतून बसते. चाच्याशी 'संबंध' ठेवणारा. गुन्हा केला नाही, मदतही केली नाही, फक्त ओळख होती. हे कलम पटकथाकाराच्या कल्पनेतून आलेले वाटेल, पण खऱ्या कंपनीने ते आपल्याच मातीत लिहिले आहे. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यात असे ठरवले गेले, की कोणी मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप द्यावी. मग ते कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर. त्याने कोणाचा गळा आवळला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि माणूस जन्मतःच संशयित ठरला. १९१९ मध्ये रौलट कायदा आला. राज्यकर्ते बदलले, कलमांची भाषा राहिली. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा दरवाजा बंद केला. तो निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले. १९८५ ते १९९५ 'टाडा' होता, २००२ ते २००४ 'पोटा' होता. १९९९ पासून महाराष्ट्रात 'मोक्का' आहे, ज्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो. 'यूएपीए'मध्ये २००८ च्या दुरुस्तीनंतर जामीन मिळणे अतिशय कठीण झाले. बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सभासदत्व हा गुन्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. मार्च २०२३ मध्ये ते मत बदलले. नुसते सभासदत्वही गुन्हा ठरले.

वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशीची शिक्षा दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले आणि त्यांच्या कबुलीजबाबांवर विश्वास ठेवायला नकार दिला. एक जण तोपर्यंत तुरुंगातच मरण पावला होता. राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या निकालाचा आधार इतर खटल्यांत घेता येणार नाही, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. एकोणीस वर्षे ज्या घरांतली माणसे आत होती त्या घरांना काय मिळाले, आणि लोकलमध्ये ज्यांची माणसे गेली त्यांना तरी कुठला इन्साफ मिळाला? खरा गुन्हेगार शोधण्यापेक्षा 'संबंध' शोधणे सोपे असते. फर्मान वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्विकार आवाजात ही सोय ऐकू येते. म्हणूनच तो प्रवेश आम्हांला या चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक प्रवेश वाटतो.

आता दुसरी बाजू. कंपनीशी लढायचे म्हणून जगभरच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते. इथे पटकथाकार टेड इलियट आणि टेरी रॉसियो यांना फार मोठी संधी होती. सभेत हिंदी महासागराचा सरदार म्हणून 'श्री संभाजी आंग्रिया' येतो. कान्होजी आंग्रे यांच्या मुलाचे नाव इतके सरळ उचलले आहे की शंकेला जागा नाही. ही भूमिका मार्शल मानेश या इराणी वंशाच्या नटाने केली आहे. 'अम्मांद द कॉर्सेअर' हा तुर्की वेषातला मुसलमान सरदार. ती भूमिका सीरियाचे गस्सान मसूद यांची. २००५ च्या 'किंगडम ऑफ हेवन'मध्ये सलाहुद्दीनच्या भूमिकेत ज्यांनी जगभरच्या प्रेक्षकांना अदबीने उभे राहायला लावले, तेच हे नट. चीनचा साओ फेंग आहे, आफ्रिकी वंशाचा जोकार्ड आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चिनी समुद्र गाजवणाऱ्या झेंग यी साओवरून घेतलेली मिस्ट्रेस चिंग आहे.

म्हणजे साम्राज्याने ज्यांना ज्यांना चिरडले, ते सगळे एका टेबलाभोवती बसले आहेत. आणि ते करतात काय? संभाजी गप्प बसतो. त्याच्या वतीने त्याचा सेवक बोलतो. शेवटी एकदा संभाजी स्वतः तोंड उघडून युद्धाला मान्यता देतो, तेव्हा त्या दाढीफेट्याच्या धिप्पाड माणसाचा आवाज बारीक आणि चिरका निघतो. प्रेक्षकांनी हसावे यासाठी केलेली ती योजना आहे. ज्या घराण्याने इंग्रजांना पन्नासेक वर्षे या किनाऱ्यावर सुखाने झोपू दिले नाही, त्याच्या वाट्याला एक हशा आला. सलाहुद्दीन साकारणारा नट दोनचार वाक्यांपुरता आणि पगडीपुरता उरला. चित्रपटाच्या जोडसाहित्यात अम्मांदला काळा समुद्र दिला आहे आणि भूमध्य समुद्र फ्रेंच सरदाराला. वास्तविक अल्जिअर्स, ट्युनिस, ट्रिपोली ही कॉर्सेअरांची बंदरे भूमध्य समुद्रावरची. मुसलमान दर्यावर्द्याला त्याचा स्वतःचा समुद्रही मिळाला नाही.

साओ फेंगची गत आणखी बोलकी आहे. लांब नखे, लांब मिशा, अंगभर व्रण, बाईवर हात टाकणारा. पाश्चात्त्य चित्रपटांनी शंभर वर्षे वापरलेला हा 'दुष्ट चिनी' आहे. चीनच्या सरकारने २००७ मध्ये त्याच्या दृश्यांपैकी जवळपास निम्मी कापून टाकली. कात्री चालवणे हे प्रतिमेला उत्तर नव्हे, हे आम्ही मानतो. पण दुखणे खोटे नव्हते. मरताना साओ फेंग आपले सरदारपद एलिझाबेथ स्वॉन या इंग्रज गव्हर्नरच्या मुलीच्या हाती देतो. मग सभेत राजा निवडायचा ठरतो. प्रत्येक सरदार स्वतःलाच मत देतो, एकटा जॅक एलिझाबेथला देतो, आणि ती चाच्यांची राजा होते. साऱ्या समुद्रांच्या बंडाचे नेतृत्व करायला गव्हर्नरचीच मुलगी लागते. पुढे स्वातंत्र्यावरचे भाषण तीच करते. हिंदी, तुर्की, आफ्रिकी आणि चिनी सरदार ऐकतात.

त्याहून मोठी गोष्ट शेवटच्या लढाईत घडते. कंपनीचे शेकडो जहाजांचे आरमार समोर येते. या बाजूला सरदारांची गलबते उभी राहतात. प्रत्यक्ष लढते ते एकटे 'ब्लॅक पर्ल', आणि मग बाजू बदललेले 'फ्लाइंग डचमन'. बेकेटचे जहाज बुडते, उरलेले आरमार माघारी वळते आणि सरदारांच्या जहाजांवरचे लोक टोप्या उडवून जल्लोष करतात. त्यांची एकही तोफ उडत नाही. ज्यांनी खरोखर तोफा डागल्या त्यांना प्रेक्षकांत बसवून टाळ्या वाजवायला लावायच्या, असा हा प्रकार आहे.

खरा संभाजी आंग्रे कोण होता, हे इथे सांगितले पाहिजे. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. शाहू महाराजांनी त्यांच्या या पदाला मान्यता दिली होती. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक घ्यावे आणि जकात द्यावी, ही त्यांची मागणी होती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करत आले होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत आणि त्याशिवाय जाणारे जहाज ते पकडत वा बुडवत. पोर्तुगीजांनी परवाना मागितला तर ती सत्ता, आंग्र्यांनी मागितला तर ती चाचेगिरी! कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी 'पायरेट'च राहिले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्याच्या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. पुढे संभाजीने १७३५ मध्ये कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. बारीक आवाजाच्या त्या विदूषकाचा मूळ पुरुष हा असा होता.

आंग्र्यांच्या आधी हेच नाव कुंजाली मरक्कारांना मिळाले होते. कालिकतच्या सामुतिरीचे हे मुसलमान नौदलप्रमुख सोळाव्या शतकात पिढ्यानपिढ्या पोर्तुगीजांशी लढले. चौथ्या कुंजालीला १६०० मध्ये गोव्यात नेऊन ठार मारण्यात आले. दोन शतकांनंतर इराणच्या आखातातल्या कासिमी अरबांची पाळी आली. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या इंग्रज मोहिमेने रास अल खैमा उद्ध्वस्त केले आणि तो सारा किनारा नकाशावर 'पायरेट कोस्ट' म्हणून रंगवला गेला. शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये 'द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ' हा ग्रंथ लिहून कंपनीच्याच कागदपत्रांतून आपल्या पूर्वजांची बाजू मांडली. आज मुंबईत नौदलाचा 'आयएनएस आंग्रे' आहे आणि 'आयएनएस कुंजली'ही आहे. एकेकाळी ज्यांना चाचे म्हटले त्यांची नावे स्वतंत्र देशाच्या नौदलाने मानाने धारण केली. नाव कोण ठेवतो यावर सगळे अवलंबून असते, याचा याहून ठळक दाखला शोधायला नको.

येथे एक सावधगिरी. नाव परक्याने ठेवले म्हणून प्रत्येक लुटारू संत होत नाही. 'चाचा' या शब्दाची आमच्या घराघरांत एक गंमत आहे. उंबरठ्याच्या आत चाचा म्हणजे वडिलांचा भाऊ, आणि मराठीच्या पुस्तकात चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर. या चित्रपटातला जॅक स्पॅरो या दोहोंच्या मधला आहे, हवाहवासा वाटणारा लुटारू. पण त्याचा खरा पूर्वज शोधायला गेले तर कोण सापडतो? सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटले. मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते. दिवसच्या दिवस लूट चालली, माणसांना यातना दिल्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेऊन जीव दिला. खाफीखानाने हे लिहून ठेवले आहे. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना मोगलांनी बेड्या घातल्या. आपण आणि चाचे वेगळे आहोत, हे पटवताना कंपनीच्या नाकी नऊ आले. यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याची हमी तिला द्यावी लागली. एव्हरी कधीच सापडला नाही. उलट इंग्लंडात त्याच्या कथा रंगल्या, १७१२ मध्ये त्याच्यावर बेतलेले नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. 'देखणा, स्वतंत्र, कायदा न मानणारा चाचा' ही जी मोहक प्रतिमा डिस्नेपर्यंत आली, तिच्या मुळाशी हाजींचे रक्त आहे. जॅकच्या चाळ्यांवर हसताना आपल्या वाचकाने एवढे आठवणीत ठेवावे.

आपल्याकडच्या इतिहासाचेही सरधोपट चित्र करून चालणार नाही. आंग्रे विरुद्ध जंजिऱ्याचा सिद्दी म्हणजे हिंदू विरुद्ध मुसलमान, असे आता सर्रास सांगितले जाते. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्या सारंग आणि दौलतखान हे अधिकारी होते, आणि त्यांची झुंज मोगलांचे आरमार सांभाळणाऱ्या सिद्दीशीच होती. समुद्रावरची निष्ठा मजहबावरून ठरत नव्हती. आणि कंपनी कधी एकटीच्या बळावर जिंकली, असेही नाही. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्याचा विजयदुर्ग वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. क्लाइव्ह पुढच्याच वर्षी प्लासीला पोचला. कुंजालीच्या वेळीही त्याचा स्वतःचा सामुतिरीच पोर्तुगीजांना मिळाला होता. या बाबतीत मात्र चित्रपट खरा बोलतो. साओ फेंग बेकेटशी सौदा करतो, जॅक करतो, विल टर्नरही करतो. ज्याला त्याला वाटते की आपण कंपनीला वापरून घेऊ. बेकेट प्रत्येकाशी करार करतो आणि एकही पाळत नाही. हा धडा हिंदुस्थानच्या इतिहासाइतका दुसरीकडे कुठे गिरवला गेला असेल असे आम्हांला वाटत नाही.

चित्रपटाची सर्वांत मोठी चोरी मात्र वेगळीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीची १६०० सालची सनद केप ऑफ गुड होपच्या पूर्वेच्या व्यापाराची होती. कॅरिबियनशी तिचा तसा संबंध नव्हता. तिथला खरा धंदा ऊस आणि गुलाम यांचा होता. आफ्रिकेतून माणसे आणणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या. जमैकातली कथा सांगताना गुलामगिरी जवळजवळ दिसूच नये, यासाठी आपली कंपनी तिथे नेऊन बसवली आहे की काय, असा संशय येतो. जॅकने गुलामांची खेप सोडून दिली म्हणून बेकेटशी त्याचे बिनसले, असा धागा पटकथेत होता. तो वगळलेल्या दृश्यांत गेला. म्हणजे नायकाच्या बंडाचे एकमेव नैतिक कारण संपादनाच्या टेबलावर राहिले आणि पडद्यावर उरले ते निव्वळ मोकाट भटकण्याचे स्वातंत्र्य. मालिकेच्या २००६ मधल्या दुसऱ्या भागात कॅरिबियनचे मूळ रहिवासी नरभक्षक दाखवले आहेत. डॉमिनिका बेटावर चित्रीकरण होण्याआधीच तिथल्या कालिनागो लोकांच्या प्रमुखांनी त्याला हरकत घेतली होती. ज्यांची जमीन चित्रीकरणाला घेतली, त्यांच्याच तोंडाला माणसाचे मांस लावले.

आपल्याकडे २०१८ मध्ये विजय कृष्ण आचार्य यांचा 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. समुद्र, जहाजे, कंपनी, दुतोंडी नायक, सगळा साचा याच मालिकेचा. तिथे कंपनी निदान आपल्या समुद्रात होती, बंडखोरांचा म्होरक्या खुदाबख्श होता. चित्रपट सपशेल आपटला, तो त्याच्या कर्माने. पण कंपनीविरुद्ध लढणाऱ्यांना आपण स्वतःच 'ठग' म्हणतो, तेही अभिमानाने, शीर्षकात! १८३६ चा कायदा करणाऱ्यांना यापेक्षा मोठा विजय कोणता हवा होता?

मग अशा चित्रपटाकडून मागायचे काय? हॉलिवूडने आपला इतिहास नीट सांगावा अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. त्याने त्याच्या प्रेक्षकाला त्याच्या सरकारविषयी थोडे अस्वस्थ केले, हेही कमी नाही. पण ती अस्वस्थताही त्याने शेवटपर्यंत नेली नाही. बेकेट मेल्यावर कथा पोर्ट रॉयलच्या त्या तख्ताकडे परत जात नाही. फर्मान मागे घेतले गेले का, रांगेत उरलेल्यांचे काय झाले, कोणी विचारत नाही. खलनायक मेला म्हणजे कायदा मेला, असे चित्रपट मानतो. कायदा तसा मरत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे.

आणि एक प्रश्न आपल्या स्वतःच्या साहित्याला. कंपनीच्या जहाजांवर शिडे ओढणारे हात केवळ गोरे नव्हते. कोकण, गुजरात, बंगालचे खलाशी त्यांवर होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. त्यांतले पुष्कळ मुसलमान होते. सारंग, तांडेल, खलाशी हे आजही आपल्या माणसांच्या ओठांवर असलेले शब्द त्या जहाजांचेच. या कथेत ते कुठेच नाहीत. ते चाचे नव्हते आणि कंपनीचे मालकही नव्हते, म्हणून चित्रपटाला त्यांचे काम नव्हते. पण मराठीतही ते फारसे कुठे आहेत? रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठच्या मोहल्ल्यांत पिढ्यानपिढ्या दर्यावर गेलेल्या माणसांच्या आठवणी अजून शाबूत आहेत. मुस्लिम मराठी लेखनाने फाळणी, दंगली, तलाक, गरिबी हे विषय हिमतीने हाताळले. समुद्र मात्र आपण इतरांसाठी मोकळा सोडला आहे. आपण लिहिले नाही तर त्यावर नाव दुसरा कोणी घालील, आणि ते नाव पुन्हा 'चाचा'च असेल.